आभाळ आलं की पत्र्याखाली

१७ एप्रिल ९८

दुपारी जरा डोळा लागला होता, गडगडाटानं जाग आली. कळंबा तळ्याच्या अंगानं आभाळ काळंकुट्ट. घरात वहिनींची पळापळ. मेन स्विच बंद. टी.व्ही.च्या अँटेनाची वायर उपटली, फ्रिजचा प्लग काढला, फोनची पिनसुद्धा. मग कोयता अंगणात फेकला. लोखंड बाहेर पडलं की वीज त्याच्याकडं जाते म्हणे. यात नवीन काही नाही, आमची आईपण करायची.

मग वहिनी सुवर्णाला म्हणाल्या, "जा गं मागं." मला वाटलं वाळत घातलेले कपडे काढायला. ती परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली आणि वहिनींनी मागच्या दाराला आतून कडी घातली.

विचारलं, हे काय?

"पायाळू हाय की ती, वन्सं. वीज पायाळूला हुडकत येती. तिला घरात घेऊन सगळ्यांनीच मरायचं व्हय?"

लग्नाला तीन महिने झाले नाहीत. टी.व्ही. सांभाळला, फ्रिज सांभाळला, सून पत्र्याखाली. आणि तिचा नवरा, माझा भाचा महेश, डिप्लोमा इंजिनिअर, पलंगावर पाय वर घेऊन चहात बेकरीचं बटर बुडवून खात होता. शिसारी आली.

१८ एप्रिल

दादा पेंडीचं दुकान बंद करून आल्यावर विषय काढला. थोरला भाऊ आहे, घर त्याच्या नावावर आहे, म्हटलं काहीतरी बोलेल. "बायकांच्या भानगडीत मी पडत न्हाय," म्हणाला आणि पाटावर जाऊन बसला.

हा माणूस गडहिंग्लजला मुलगी बघायला गेला तेव्हा कंबर धरली होती. जीपमधून उतरता येईना. सुवर्णाच्या अव्वांनी, तिच्या आईनं, कौतुकानं सांगितलं, पोरगी पायाकडून जन्मली आहे, पायाला गुण आहे, उसण भरली की गल्ली आमच्या दारात. दादा तिथंच पालथा पडला. पोहे यायच्या आधी होणाऱ्या सुनेनं पाठीवर पाय लावला. कंबर सुटली, म्हणून होकार दिला. शपथ, असंच झालं. तेव्हा पायाळू चालली.

मी वहिनींना जास्त बोलू शकत नाही. सासर सोडून पिशवी घेऊन आले तेव्हा दादा दारात गप्प उभा होता. "आत या, वन्सं" म्हणाल्या त्या वहिनीच. हे विसरता येत नाही, आणि कालची कडीही डोळ्यांपुढून जात नाही.

२ मे

शाळेला सुट्टी लागली, शिकवणं बंद. घरात बसून आता सगळं बघावं लागणार.

सकाळी चहाच्या आधीच शेजारचे वस्ताद हजर. एके काळी तालमीत पोरं घडवलेला माणूस, आता कंबर धरून वाकडा चालतो. पालथे पडले, सुवर्णानं पदर खोचून पाठीवर तीनदा पाय लावला. उठले, म्हणाले, "लक्ष्मी आणली हो तुमी घरात." वहिनी फुगल्या. चहा दिला. मागोमाग कोपऱ्यावरची गिरणवाली, तिच्यामागं तिचा दीर. कुणी नारळ ठेवतं, कुणी केळी. वहिनी सगळं देवापुढं ठेवतात.

संध्याकाळी आभाळ आलं. लक्ष्मी पत्र्याखाली.

९ मे

आज मी पण गेले. वहिनींनी कडी घालायच्या आत बाहेर पडले. मागनं ओरडल्या, "तुमी तरी आत या, वन्सं, वेड लागलंय काय?" नाही आले.

शेड म्हणजे चार लोखंडी खांब, वर पत्रे, तिन्ही बाजू उघड्या. एका बाजूला जळण, एका बाजूला जुनं दुधाचं कॅन. पूर्वी म्हैस असायची. अजून तिथं शेणाचा वास आहे. पोतं अंथरून सुवर्णा मधोमध बसली होती, खांबाला न टेकता. हे तिला कुणी सांगितलं? तिचं तिनं ठरवलं असेल. पत्र्यावर गारा वाजायला लागल्या, बोललेलं ऐकू येईना. एकदा इतकं जवळ कडाडलं की मी तिचा हात धरला. तिनं माझा धरला नाही. सवय झाली असावी.

पाऊस उतरल्यावर बोलली. माहेरी आभाळ आलं की अव्वा तिला मधल्या खोलीत बसवायची, सगळ्या भावंडांच्या मध्ये. पायाळू म्हणून तिला जास्त जपायचं, असं त्यांचं.

म्हटलं, महेशला सांगितलंस का. सांगितलं की, म्हणाली. "ते म्हणालं, आईचं मन राखाय पायजे. धा मिन्टाचा तर प्रश्न हाय."

आत गेलो तर महेश वायर परत लावत होता. टी.व्ही. नीट लागेना म्हणून चिडलेला. त्याला म्हटलं, तुझी बायको भिजलीय. "टॉवेल हाय की दोरीवर," म्हणाला. लहानपणी याला मी मांडीवर घेऊन झोपवलेलं आहे. त्या मांडीचा राग आला.

१४ मे

वहिनींशी पहिल्यांदा सरळ बोलले. म्हटलं, तुमचा चुलता मुडशिंगीच्या रानात विजेनं गेला, तो पायाळू होता का? नव्हता म्हणाल्या. मग? तर म्हणे, "त्येच्या शेजारच्या बांधावर एक पायाळू हुता. ती त्येच्यावर यायची, चुकून आमच्या काकावर पडली."

बोलता बोलता तीनदा उठून आभाळ बघून आल्या, हेही लिहून ठेवते. ढोंग नाही. भीती खरी आहे, म्हणून तर जास्त वीट येतो. ढोंगी बाईला शिव्या देता येतात.

२० जून

पाऊस लागला. झड. आता गडगडाट नाही, नुसती रिपरिप. वहिनी सुवर्णाला जवळ बसवून वेणी घालतात, "माझी बाय" म्हणतात. पावसाळाभर सून लाडकी. सुवर्णा पण हसते. मला ते हसणं बघवत नाही.

४ सप्टें.

सुवर्णाला दिवस गेलेत. घरात आनंद. दादानं पेढे आणले. मी मात्र कॅलेंडरवर ऑक्टोबर बघत बसले.

१० ऑक्टो.

रागातच लिहितेय.

शाळेतून बस उशिरा. उतरले तेव्हा परतीच्या पावसानं अंधारून आलं होतं, विजा चालूच. पळत गल्लीत शिरले तर वस्तादांच्या दाराबाहेर, वळचणीला सुवर्णा उभी. नखशिखांत भिजलेली. पोटाशी दोन्ही हात. वाऱ्यानं शेडचा एक पत्रा उडाला होता. तो खाली पडताना तिच्या खांद्यावरून गेला. मागच्या दाराला हाका मारल्या, गडगडाटात आत कुणाला ऐकू गेलं नाही म्हणतात. नसेल गेलं. मग ती वस्तादांकडं पळाली. वस्तादांच्या बायकोनं खिडकीतून बघितलं आणि खिडकी लावून घेतली. दार उघडलंच नाही.

वळचणीला पण राहू देईनात. आतून वस्तादांचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला: "पोरी, तिकडं जरा लांब हुबा ऱ्हा, भित्तीला टेकू नगो."

मे महिन्यात हाच माणूस तिला लक्ष्मी म्हणाला.

मी तिला पुढच्या दारानं आत आणली, माझ्या खोलीत नेली. वहिनी म्हणाल्या, "आजून चमकतंय, वन्सं." म्हटलं चमकू दे. खोलीला आतून कडी घातली. तिचा खांदा सोललाय. हळद लावली. ती रडली नाही. मी रडले. तिच्यासमोर रडायला नको होतं.

बाहेर वहिनी मोठमोठ्यानं देवाचं नाव घेत होत्या. जेवायच्या वेळी माझ्या ताटात गुपचूप जास्त तूप वाढलं. नको ते तूप.

१३ ऑक्टो.

वस्ताद आले. लाज नावाची गोष्ट तालमीत शिकवत नसावेत. उन्हाळ्यात वाकले होते तसेच वाकलेले, हातात नारळ. ओसरीवर पालथे पडायला लागले.

सुवर्णा चुलीपुढनं उठलीच नाही. भाकरी थापत तिथनंच म्हणाली, "आज न्हाय, मामा. आभाळ आलं की या. तवा लावती पाय."

गल्ली ऐकत होती. वस्ताद नारळ घेऊन तसेच परत. वहिनींनी कपाळावर हात मारला, दारी आलेला माणूस परतवला म्हणून. मी मात्र आज दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

पत्रा महेशनं परत ठोकून घेतला. तो एवढंच करू शकतो. ठोकणं चांगलं जमतं.

७ फेब्रु. ९९

डोहाळेजेवण झालं. गिरणवाली आली, वस्तादांची बायकोही आली, ओटी भरून गेली, पोटभर बासुंदी पिऊन. सुवर्णानं सगळ्यांच्या पाया पडून आशीर्वाद घेतले. मी ताटं उचलत होते. एकेकीचं तोंड बघून भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला माझा.

११ मार्च

सोनोग्राफी. बाळ उलटं, पाय खाली. डॉक्टर म्हणाले अजून वेळ आहे, फिरेल, नाही फिरलं तर ऑपरेशन, घाबरू नका. महेशनं घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. मूर्ख.

वहिनी मटकन खाली बसल्या. "दोन-दोन पायाळू एका घरात."

संध्याकाळभर चर्चा. ऑपरेशननं काढलं तर पायाळू धरायचं की नाही? दादाचं म्हणणं, पोटातनं वर काढलं तर पायानं आलं कसं म्हणायचं. वहिनींचं म्हणणं, डॉक्टरच्या हाताला आधी काय लागलं त्यावर आहे. महेश म्हणाला, डॉक्टरांना विचारू. हे तिघं माझ्या घरचे, जवळचे. पोटातल्या बाळाबद्दल असं बोलतात. सुवर्णा तिथंच बसून डाळ निवडत होती. तिचं काय होईल, ऑपरेशन झालं तर तिला किती त्रास, हे कुणी विचारलं नाही.

१५ मार्च

वहिनी जंगम स्वामींकडं जाऊन आल्या. स्वामी म्हणाले, शास्त्रात असं काही नाही, सुनेला घरात ठेवा. म्हणून वहिनींनी दुसरे स्वामी गाठले.

२१ मार्च

सुवर्णाला माहेरी नेऊन सोडलं, पहिलं बाळंतपण तिकडंच. मी आणि महेश एस.टी.नं गेलो. अव्वा दारातच वाट बघत होत्या. निघताना सुवर्णा मला म्हणाली, "आत्या, तिकडं आता वळीव सुरू हुईल. कोयता सांभाळून टाका. माझ्या जागी कुणाला बसवतील नेम न्हाय." हसली. महेश पण हसला. त्याला कळलं नाही.

१६ एप्रिल

सुट्टीच्या आधी मुख्याध्यापिका बाईंनी प्रार्थनेला मलाच सूचना वाचायला दिल्या. विजा चमकत असताना पक्क्या घरात थांबा. पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये, झाडाखाली थांबू नका. नळ, शेगडी, तारा यांना हात लावू नका. फोन उचलू नका. खिडकीपासून लांब बसा.

सातवीतली एक मुलगी उठली. "बाई, घरात पायाळू असंल तर?"

मी म्हणाले, तसं काही नसतं, बस खाली. ती बसली. पण शेजारणीशी कुजबुजली, आणि ओळच्या ओळ माझ्याकडं बघायला लागली. आमच्याच कळंब्याच्या पोरी आहेत त्या. आमच्या घरचं सगळ्यांना माहीत आहे. उरलेल्या सूचना कशातरी संपवल्या.

१२ मे

गडहिंग्लजहून फोन. मुलगा. दोघंही सुखरूप. देवा.

वहिनींच्या हातात फोन दिला. नातू झाला त्या बाईला, आणि पहिला शब्द काय, तर "डोक्यानं आलं का पायानं?"

पलीकडून अव्वा काय म्हणाल्या ते कळलं नाही. वहिनींचा चेहरा उतरला. फोन ठेवून म्हणाल्या, "सांगत न्हाईत. पोरीनं सांगू नगा म्हटलंय म्हणं." मग दादानं लावला, त्यालाही तेच. नॉर्मल झाली की ऑपरेशन झालं, तेही सांगत नाहीत. बाळ चांगलं आहे, बाळंतीण चांगली आहे, एवढंच.

संध्याकाळी महेशनं माझ्यासमोर लावला. सुवर्णाच बोलली असावी. हा नुसता "हां... हां..." करत होता. ठेवल्यावर सांगितलं, ती म्हणतीय, "माझं सांगितलं, त्येचं काय झालं बघितलं. ह्येचं मी कुणाला सांगणार न्हाय. तुमाला पण न्हाय."

शाब्बास. मनात म्हटलं.

२४ मे

बारसं. भाड्याच्या जीपनं सगळे गेलो. नाव ओंकार. रंग सुवर्णाचा, नाक आमचं.

जेवणं उरकली आणि वळीव उठला. तिकडचा वळीव आपल्यापेक्षा कडक. अव्वांनी दारं-खिडक्या लावल्या, दिवा बंद केला, आणि सगळ्यांना मधल्या खोलीत बोलावलं. भिंतीपासून सुटून, सतरंजीवर. सुवर्णा मधोमध, मी तिच्या शेजारी, बाळ माझ्या मांडीवर. वहिनी दाराशीच उभ्या. एकदा सुनेकडं, एकदा बाळाकडं. अव्वा म्हणाल्या, "बसा की, विहीणबाई."

वहिनी म्हणाल्या, "एवढं एकच सांग, सुवर्णा. तुझ्या पाया पडती. कसं आलं?"

सुवर्णा म्हणाली, "आई, नातू हाय तुमचा. घ्यायचा तर असाच घ्या."

तेवढ्यात कडाडलं. वहिनी वळल्या, दार उघडलं आणि पावसात पळत जाऊन जीपमध्ये बसल्या. काचा वर करून, एकट्या. नातवाच्या बारशाला आलेली आजी. अव्वांकडच्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. लाजेनं माझी मान वर होईना.

महेश उंबऱ्यावर. ना आत ना बाहेर. पाऊस थांबेपर्यंत तसाच.

आणि माझं सांगते. दुसऱ्यांदा कडाडलं तेव्हा मी दुपट्यात हात घालून बाळाचे पाय बघितले. तळवे. जसं काही तिथं लिहिलेलं असणार. सुवर्णानं मला बघताना बघितलं. बाळाला मी मांडीवरून हलवलं नाही, पण तो हात गेला तो गेलाच. या घरचं खाऊन खाऊन माझ्यातही मुरलंय हे. थू.

३० ऑगस्ट

गणपतीच्या आधी सुवर्णाला आणायचं ठरतंय. वहिनी रोज नातवाची आठवण काढतात, टोपडी शिवून घेतली माझ्याकडून, तीन. मऊ कापड हवं म्हणून हट्ट. मला वाटलं, वितळल्या. वाटलं, आता एकदा बाळ घरात रांगायला लागलं की सगळं विसरतील.

५ सप्टें.

सकाळी परसात विटांची गाडी. गवंडी आला.

शेडच्या तिन्ही बाजू बांधून घेणार आहेत वहिनी. दार, कडी, आत छोटा पलंग. वर पत्रा तोच. गवंड्यानं विचारलं, कुणासाठी खोली? "पावण्यांसाठी," म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, अगदी मायेनं, "बाळाला झड लागाय नगो, वन्सं. दोघं निवांत बसतील. खाली गादी टाकू." डोळे भरून आले होते त्यांचे. मी मोरीवर जाऊन चूळ भरली.

बाहेर येऊन गवंड्याला म्हटलं, काम थांबव. वहिनी म्हणाल्या चालू दे. तो थापी हातात धरून दोघींकडं बघत राहिला, मग ज्यांनी इसार दिला त्यांचं ऐकलं.

अकराच्या सुमाराला सुवर्णाचा फोन. मीच उचलला. महेशनं तिला काल सांगितलं होतं, चांगली बातमी म्हणून, मागं खोली काढतोय. ती म्हणाली, "कुणासाठी हो आत्या, खोली?"

मी म्हटलं, तू नुसतं म्हण, आज पाडते.

मागं बाळ कुरकुरत होतं.

"एकट्याच व्हय?"

मी वळून बघितलं. दादा पेपर वाचत होता. एकच पान, केव्हापासून. वहिनी परसात गवंड्याला चहा देत होत्या. महेश दाराशी उभा होता, ऐकत. सगळं ऐकलं त्यानं. फोनकडं हात करेल असं वाटलं. नाही केला. चपला घातल्या, गाडीला किक मारली आणि गेला.

सुवर्णाला म्हटलं, महेश आत्ताच बाहेर पडलाय. "कुठं?" म्हणाली. माहीत नाही म्हटलं. तिनं फोन ठेवला.

आता साडेचार. गडहिंग्लजला गेला असेल तर एव्हाना पोचला असेल. फोन नाही. पश्चिमेची भिंत कमरेइतकी आली आहे.